तूप पचवणाऱ्या पोटासाठी चोथा कसा वाढवावा

तुपात ब्युटिरिक आम्ल असतं, म्हणून चमचाभर तूप खाल्लं की मोठ्या आतड्याचं भलं होतं, हा सल्ला चुकीचा आहे. ते आम्ल लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याच्या अस्तराला लागणारं ब्युटिरेट (त्याच आम्लाचं रूप) तिथले जिवाणू चोथा, म्हणजे अन्नातला न पचणारा तंतुमय भाग, आंबवून स्वतः तयार करतात.

तेला-तुपाचा संबंध येतो तो पित्तामार्गे. चरबी पचवायला सुटलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के परत शोषली जातात, उरलेली मोठ्या आतड्यात उतरतात. काही जिवाणू त्यांचं डीऑक्सिकोलिक आम्ल करतात आणि ते जास्त झालं की अस्तराला इजा होते. चोथा आंबला की आतडं किंचित आम्लधर्मी होतं आणि हे रूपांतर मंदावतं. म्हणून तूप बंद करण्याआधी ताटातला चोथा बघा.

तूप चहाच्या चमच्याने मोजून घ्या. एका चमच्यात साधारण ३ ग्रॅम संपृक्त चरबी असते. २००० कॅलरींच्या आहारात दिवसाची कमाल मर्यादा सुमारे २२ ग्रॅम, आणि त्यात दूध, खोबरं, फरसाण सगळं आलं.

चोथा दिवसाला किमान २५ ग्रॅम हवा. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत ५ ग्रॅम मिळतो, ३० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात ७ ग्रॅमच्या आसपास.

फसतं ते इथेच. पहिल्याच दिवशी वाटीभर उसळ खायची, पोट फुगलं की "कडधान्य सोसत नाही" म्हणून सोडून द्यायचं. असं करू नका! चोथा आंबवणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढायला वेळ लागतो. पहिला आठवडा रोज दोन मोठे चमचे उसळ, दुसऱ्यात पाव वाटी, मग अर्धी. कडधान्य दहा-बारा तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा. वायू करणाऱ्या शर्करा बऱ्याचशा त्या पाण्यात उतरतात. मोड आणले तर आणखी कमी होतात. तरी गुबारा धरला तर एक आठवडा मागे या, पण उसळ थांबवू नका. पाणी मात्र वाढवा, नाहीतर मलावरोध होईल.

इसबगोल घेऊन उसळ टाळता येत नाही. त्याने पोट साफ होतं, पण जिवाणू तो फारसा आंबवत नाहीत.

शौच तेलकट, फिकट आणि चिकट होत राहिली, तर चरबी शोषलीच जात नसावी. तिथे आहारातले प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जा.