नळीला पोर्टिंग करण्याआधी

माझा भाचा अमेरिकेत माँटानात असतो, हरणाच्या शिकारीला .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाचं रिव्हॉल्व्हर नेतो. "मामा, पोर्टिंग करून घेऊ का?" असं त्यानं विचारलं. मी महूला आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो, आता इंदूरला रामबागेत असतो. त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

पोर्टिंग म्हणजे नळीच्या तोंडाजवळ वरच्या बाजूला छिद्रं पाडणं. ती असली की जळलेल्या दारूचा वायू वर सुटतो आणि तोंड खाली दाबलं जातं. उसळी कमी होते, दुसरी गोळी लवकर नेमावर येते. मॅग्नममध्ये वायूचा दाब भरपूर, म्हणून फरक जाणवतो. हाताला मागे बसणारा धक्का मात्र तितका कमी होत नाही.

आता कान. १४० डेसिबलच्या वरचा एक आवाजही कायमची इजा करू शकतो, आणि .४४ मॅग्नम पोर्टिंगशिवायच त्यापुढे जातं. छिद्रांमुळे नेमबाजाला तो आणखी मोठा ऐकू येतो. जंगलात कानावर काही न लावणाऱ्यानं पोर्टिंग करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. संधिप्रकाशात छिद्रांतून निघणारा ज्वाळेचा झोत डोळे दिपवतो. शिशाच्या गोळ्या वापरल्या तर छिद्रांत शिसं साचतं. शरीराजवळ धरून झाडलं तर वायू थेट चेहऱ्याकडे येतो.

आधी रबरी मूठ बसव, सरावाला .४४ स्पेशल ही कमी जोराची काडतुसं वापर. ती याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालतात. मूठ बदलता येते, नळीतली छिद्रं बुजत नाहीत.

भारतातल्या वाचकांनो, इथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि शस्त्राचं काम परवानाधारक कारागिराकडेच द्यायचं.