विंगला पीळ नको असेल तर दोन रॉडच्या जिगवर बांधा

मॉडेल विमानाची बाल्साची (हलक्या लाकडाची) विंग टेबलावर प्लॅन पसरून टाचण्या मारत बांधता येते, तळ सपाट असेल तर ते चालूनही जातं. पण सिमेट्रिकल (वर-खाली सारखीच फुगीर) विंगला सपाट बाजूच नसते, मग रिब (विंगला आकार देणारी पट्टी) टेकवायची कशावर? तिथे जिगच (बांधताना भाग जागेवर धरणारी चौकट) हवी. प्रत्येक रिबला दोन भोकं, त्यातून दोन सरळ रॉड आरपार आणि रॉडची टोकं स्टँडवर, टेबलापासून साधारण १०० मिमी वर. विंग अधांतरी राहते, वरून-खालून दोन्हीकडून हात घालता येतो, आणि याचा सगळ्यात मोठा फायदा शीटिंगच्या (सांगाड्यावर पातळ बाल्सा चिकटवण्याच्या) वेळी कळतो.

इथे टेपर नसलेली (टोकाकडे निमुळती न होणारी) विंग धरतोय, स्पॅन (टोकापासून टोकापर्यंत) १.५ मीटर, कॉर्ड (पुढून मागे रुंदी) २०० मिमी, म्हणजे एका बाजूचं पॅनल ७५० मिमी.

रॉड ६ मिमीचे स्टीलचे घ्या, पण दुकानातच काचेच्या काउंटरवर लोळवून बघा, खाली उजेडाची फट उघडझाप करत असेल तर तो वाकडा, घेऊ नका. आणि मध्ये एक स्टँड लागतोच बरं का, कारण ८०० मिमी अंतरावर असा रॉड नुसत्या स्वतःच्या वजनाने जवळपास १ मिमी झोल खातो. मधल्या स्टँडला वरून उघडी खाच ठेवा म्हणजे रिब ओवून झाल्यावर तो खालून सरकवता येतो.

रिब एकेक कापत बसू नका. ३ मिमी प्लायचे दोन टेम्प्लेट करा, मध्ये बाल्साचे तुकडे रचा, बोल्टने आवळा आणि सगळा गठ्ठा एकत्र पॉलिश पेपरने घासा. बोल्टची भोकं तीच जिगची भोकं! पुढचं लीडिंग एजपासून (विंगच्या पुढच्या कडेपासून) ४५ मिमीवर, मागचं १३५ वर, दोन्ही कॉर्ड लाइनवर (पुढची-मागची कड जोडणाऱ्या सरळ रेषेवर). दोघांत ९० मिमी अंतर पडतं, याहून जवळ आणू नका, कारण ९० मिमीला १ मिमी उंचीची चूक म्हणजे अर्ध्या डिग्रीहून जास्त पीळ, आणि तेवढ्याने विमान एका अंगाला कलायला लागतं.

रॉडना आधी मेण चोळा, नाहीतर गोंद लागून अडकतात. मग रिब ओवा, प्लॅनच्या रेषेवर आणा, प्रत्येकीला गुण्या लावून टेबलाशी काटकोनात आहे का बघा. स्पार (विंगच्या लांबीभर जाणारी मुख्य पट्टी) रिबच्या खाचेत अलगद बसला पाहिजे, दाबून बसवावा लागत असेल तर खाच घासा, कारण दाबलेला स्पार रिबला ढकलतो आणि सगळी मेहनत वाया. खालचा स्पार, वरचा स्पार, लीडिंग एज, ट्रेलिंग एज (मागची कड) या क्रमाने जा, मग दोन स्पारमध्ये शिअर वेब (त्यांना जोडणारी पातळ फळी), तिच्या लाकडाचे रेषे उभेच हवेत.

आता शीटिंग, १.५ मिमी बाल्सा, लीडिंग एजपासून स्पारपर्यंत. वरचं लावून विंग जिगवरून काढायचा मोह होतो, पण काढू नका, खालचंही तिथेच लावा. दोन्ही बाजू बंद झाल्या की पुढचा भाग बंद नळी होतो आणि त्या क्षणी विंगला जेवढा पीळ असेल तेवढा कायमचा पक्का होतो. म्हणून इथे फेविक्विकसारखा झटपट गोंद नको, पांढरा गोंद वापरा, सरकवायला वेळ मिळतो, आणि रात्रभर तसंच राहू द्या. पावसाळ्यात तर अजून जास्त वेळ द्या, बाल्सा ओल धरतो.

वॉशआऊट (टोकाकडे मागची कड वर उचलणारा मुद्दाम दिलेला पीळ) हवा असेल तर तो शीटिंगच्या आधीच, बांधायला घेतानाच. टिपकडच्या (विंगच्या टोकाकडच्या) स्टँडवर फक्त मागचा रॉड खाली पॅकिंग देऊन ३ मिमी उचला, ९० मिमी अंतराला तो साधारण २ डिग्री होतो. त्यासाठी भोकं रॉडपेक्षा किंचित सैल ठेवा. मधल्या स्टँडवर मागचा रॉड त्याच प्रमाणात वर घ्यायचा, मध्यावर १.५ मिमी. दुसरं पॅनल बांधताना टिप उलट्या बाजूला येते, तेव्हा पॅकिंगही त्या बाजूला न्या, हे हमखास विसरलं जातं.

गोंद पूर्ण सुकला की रॉड गोल फिरवत रूटकडून (विमानाच्या धडाकडच्या बाजूने) बाहेर काढा, नुसता ओढू नका, रिब फाटते.