हिपच्या एमआरआयमध्ये फोविआ आधी ओळखा

रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षात हिपचा एमआरआय वाट्याला आला की आपण एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून हाड मरणं) शोधतो, लॅब्रम (खोबणीच्या कडेची कूर्चा) बघतो आणि लिगामेंटम टेरेस या सांध्याच्या आतल्या अस्थिबंधासमोर टेम्प्लेटमधलं 'नॉर्मल' तसंच राहू देतो. नाशिकमध्ये रेसिडेन्सी करताना मीही हेच करायचो. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे म्हणून पेपर सोपा येत नाही, आणि वायवात (तोंडी परीक्षेत) टेरेस हमखास गळा धरतं.

इलिओफिमोरल, प्युबोफिमोरल, इस्किओफिमोरल ही हिपची बाहेरची लिगामेंट्स तुम्हाला पाठ असतीलच, त्यात वेळ घालवत नाही. टेरेस अ‍ॅसिटॅब्युलर नॉचच्या (हिपच्या खोबणीच्या खालच्या खाचेच्या) दोन्ही कडांकडून आणि ट्रान्सव्हर्स लिगामेंटपासून निघतं आणि फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) हेडवरच्या फोविआत, म्हणजे छोट्या खळग्यात, शिरतं. सांध्याच्या आत, पण सायनोव्हियमच्या (सांध्याच्या अस्तराच्या) बाहेर.

खरा सापळा हा फोविआच आहे. तिथे कार्टिलेज (कूर्चा) नसतं. नॉर्मल माणसातही नसतं! एकाच कोरोनल स्लाइसवर कार्टिलेजची रेघ तुटलेली आणि खाली हाडात खळगा दिसतो, की हात आपोआप 'ऑस्टिओकॉन्ड्रल डिफेक्ट' (हाड-कूर्चेला इजा) टाइप करतो. मी केला होता. सरांनी स्क्रीनवर फक्त माऊसचं चाक फिरवलं, बोलले काहीच नाहीत. ते जास्त लागलं.

म्हणून आधी जागा बघा. फोविआ हेडच्या आतल्या बाजूला, मध्यापासून जरा खाली आणि मागे असतो. एव्हीएन बहुतेकदा वजन पेलणाऱ्या भागात, पुढे आणि वर दिसतं. मग कड बघा: गुळगुळीत हवी. मग फॅट-सॅटवर (चरबीचा सिग्नल दाबलेल्या चित्रांवर) खालचा मॅरो (मज्जा) बघा: शांत हवा. आणि शेवटी, हे तर कराच, अ‍ॅक्सियलवर नॉचपासून लिगामेंट धरून एकेक स्लाइस पुढे जा. ते त्याच खळग्यात शिरलं तर तो फोविआ. मधली एक स्लाइस सोडून उडी मारली की पार्शल व्हॉल्यूममुळे (एकाच स्लाइसमध्ये शेजारचे भाग मिसळल्यामुळे) लिगामेंट तुटल्यासारखं वाटतं, म्हणून मागे येऊन पुन्हा जा. कंटाळा येतो. तरी जा.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या 'वन-लायनर' पीडीएफमध्ये हे नसतं. त्या पीडीएफ एमसीक्यूपुरत्या ठीक, रिपोर्टिंग रूममध्ये शून्य. त्यापेक्षा अ‍ॅनाटॉमी विभागात जाऊन सुकलेला फीमर हातात घ्या आणि खळग्यावर अंगठा ठेवा. माझं मत असं की इमेजिंगचा सगळ्यात चांगला गुरू डिसेक्शन हॉलमधला असतो. सीनियर रेसिडेंट बहुतेक वेळा स्वतःचं टेम्प्लेटच देतात.

सीटीवरही फोविआ सुटत नाही. मुंबई–आग्रा महामार्गावर गाडी ठोकली, गुडघा डॅशबोर्डवर आपटला, हिप मागे निखळला, की हेडचं फ्रॅक्चर फोविआच्या खाली आहे की वर, यावर पिपकिन वर्गीकरणाचा टाइप एक की दोन हे ठरतं. अशा डिसलोकेशनमध्ये टेरेस फाटतंच असं धरून चला; कधी ते हाडाचा तुकडा घेऊन सुटतं.

मॅजिक अँगलला मात्र घाबरू नका. तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी साधारण ५५ अंशांत आले की कमी टीईच्या (इको टाइमच्या) सीक्वेन्सवर, म्हणजे टी१ किंवा पीडीवर (प्रोटॉन डेन्सिटीवर), उगाच उजळ दिसतात. टी२वर तो उजळपणा गेला तर तंतू बरे आहेत. लिगामेंटच्या मुळाशी दोन पट्टे वेगळे दिसले तर तीही फाट नव्हे.

अर्धवट फाट साध्या एमआरआयवर अनुभवी डोळ्यांनाही निसटते. एमआर आर्थ्रोग्राफीत (सांध्यात कॉन्ट्रास्ट सोडून केलेल्या एमआरआयमध्ये) बरी दिसते, अंतिम निकाल आर्थ्रोस्कोपीचा (सांध्यात दुर्बीण घालून पाहण्याचा). ग्रे आणि विलार यांचं १९९७ चं वर्गीकरण (पूर्ण फाट, अर्धवट फाट, झीज) आर्थ्रोस्कोपीवरूनच आलं आहे. तेव्हा 'अर्धवट फाटीची शंका' असं लिहायला लाजू नका. स्वतःवर इतकं कठोर व्हायची गरज नाही.

रक्तपुरवठ्यावर एकच सांगतो: टेरेसमधून जाणारी धमनी लहान मुलांत जास्त महत्त्वाची, मोठ्यांत हेडची मुख्य भिस्त मीडियल सरकम्फ्लेक्स फिमोरल धमनीवर असते. आणि लहान मुलाच्या डीडीएचचा (हिप नीट न घडल्याचा) एमआरआय आला तर टेरेसची ओळ कोरी ठेवू नका. तिथे ते लांब आणि जाड होऊन पल्व्हिनारच्या (खोबणीतल्या चरबीच्या) जोडीने हेडला आत बसू देत नाही, आणि ऑर्थोवाले रिपोर्टमध्ये आधी तेच शोधतात.