डियर लीजमध्ये पैसे भरण्याआधी या चुका टाळा

शिकारीचा सीझन संपला की जानेवारीअखेरपासून फोन सुरू होतात. "काका, ऑफिसमधला एक जण म्हणतोय, त्यांच्या डियर लीजवर एक जागा रिकामी झालीये. घेऊ का?" सोबत ट्रेल कॅमेऱ्याचा, म्हणजे रानात झाडाला बांधून ठेवलेल्या कॅमेऱ्याचा, फोटो. रात्रीच्या काळ्या-पांढऱ्या उजेडात फीडरपाशी (हरणांना मका टाकणारं यंत्र) उभा असलेला, दहा टोकांच्या शिंगांचा बक, म्हणजे नर हरण. मी विचारतो, किती एकर? किती बंदुका? कागद कोणाच्या नावावर? यातलं काहीच माहीत नसतं. फोटो मात्र आणखी तीन येतात.

टेक्सासात नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे, त्यामुळे हरणाच्या शिकारीसाठी लीज घेणं इथे नित्याचंच. आठ-दहा जण मिळून रँचरकडून, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या जमीनमालकाकडून, वर्षभरासाठी किंवा सीझनपुरता शिकारीचा हक्क घेतात आणि पैसे वाटून भरतात. आपल्याकडून आलेल्या माणसाला हे सगळंच नवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिकडे शिकारीला चाप बसला, म्हणजे पणजोबांच्या बाराबोअरच्या गोष्टी सोडल्या तर घरात कुणाला काही ठाऊक नसतं. ते मी समजू शकतो. पण गाडी घेताना चार डीलर पालथे घालणारा माणूस एका फोटोवर दोन-अडीच हजार डॉलर भरून मोकळा होतो, हे मला अजून समजलेलं नाही.

कागद न बघता पैसे देणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून किस्सा पुरता सांगतो.

डॅलसमधला एक मुलगा. साताऱ्याकडचा, हुशार आणि भयंकर घाईचा. ओळखीच्या एकाने "आमच्या लीजवर ये" म्हटलं आणि याने एप्रिलमध्ये झेलने (मोबाइलवरून थेट बँकेत) २,४०० डॉलर पाठवून दिले. करार नाही, पावती नाही. मेसन काउंटीतली ती जागा एकदा लांबून दाखवली, झालं. उन्हाळाभर पठ्ठ्याने रायफल, दुर्बीण, बूट सगळं जमवलं. नोव्हेंबरचा पहिला शनिवार म्हणजे ओपनिंग. हा शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघाला, रात्री उशिरा गेटवर पोचला आणि तिथून मला फोन लावला.

रँचचं गेट ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेटला साखळी असते आणि त्या साखळीत एकात एक अडकवलेली चार-पाच कुलुपं असतात. एक मालकाचं, एक गुरंवाल्याचं, एक वीजवाल्यांचं, एक शिकाऱ्यांचं. त्यातलं कुठलंही एक उघडलं की साखळी सुटते. याला सांगितलं होतं, पितळी कुलूप, चार आकडी कोड. हा मोबाइलच्या उजेडात एकेक कुलूप हातात घेऊन बघत होता आणि मला वाचून दाखवत होता. पितळी कुलूप साखळीत नव्हतंच. ज्याला पैसे दिले त्याचा फोन थेट व्हॉइसमेलवर जात होता.

मी म्हटलं, तारेवरून उडी मारायची नाही, गावात मोटेल बघ. सकाळी फीड स्टोअरमध्ये, म्हणजे गुरांच्या खाद्याच्या दुकानात, विचारून त्याने मालकाचा नंबर मिळवला. म्हातारा रँचर सज्जन होता. म्हणाला, "पोरा, तुझं नाव मी कधी ऐकलेलं नाही. त्या माणसाने जूनचा हप्ता भरला नाही, म्हणून मी जागा दुसऱ्यांना दिली." ते दुसरे त्या क्षणी आत ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या मचाणासारख्या खोलीत, बसलेले होते. पुढे भांडून निम्मे पैसे परत मिळाले, सीझन गेला तो गेलाच.

आणि हे स्वस्तात सुटलं म्हणायचं. मालकाच्या परवानगीशिवाय खाजगी जमिनीत शिकार हा टेक्सासात गंभीर गुन्हा आहे. "मी तर पैसे भरलेत" हे गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे कायदे राबवणाऱ्या अधिकाऱ्याला, सांगून उपयोग नसतो, तो विचारणार परवानगी कोणाची.

माझी रीत साधी आहे. पैसे देण्याआधी जमीनमालकाला स्वतः फोन करायचा. पाच मिनिटांचं काम. हे लोक मला सभासद करून घेतायत हे तुम्हाला माहीत आहे ना, लीज कधीपासून कधीपर्यंत, यंदाचे पैसे तुमच्याकडे जमा झालेत का? मग करार बघायचा. त्यावर मालकाची सही हवी, सभासदांच्या यादीत आपलं नाव हवं. पैसे घेऊन शिकारीचा हक्क देणाऱ्या जमीनमालकाला पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचं हंटिंग लीज लायसन्स काढावं लागतं, तेही दाखवा म्हणायचं. पैसे चेकने द्यायचे आणि चेकवर काय, कुठल्या वर्षाचं ते लिहायचं. एवढं विचारल्यावर समोरचा चिडला तर उत्तमच, बाकीचे प्रश्न वाचले.

जागा दाखवायला नेतील तेव्हा हद्द चालून बघा. झाडांवर किंवा खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर पलीकडे पाऊल टाकायचं नाही. १९९७ पासून टेक्सासात त्या रंगाला 'आत येऊ नये' या पाटीइतकाच कायद्याचा आधार आहे. अर्धे नवशिके ते सर्व्हेवाल्यांचं काम समजतात.

एकर मोजणं आणि माणसं न मोजणं

"काका, पूर्ण सेक्शन आहे, ६४० एकर!" एक चौरस मैल, ऐकायला प्रचंड. आठ बंदुका धरल्या तर माणशी ८० एकर. आता त्यातून मालकाच्या घराजवळचा भाग काढा, गुरांचे गोठे काढा, शेजाऱ्याच्या घराकडे तोंड असलेली बाजू काढा, कारण तिकडे गोळी झाडायचीच नाही. आणि मग विचारा की आठ बंदुका म्हणजे नक्की किती माणसं.

बहुतेक ठिकाणी बंदूक म्हणजे एक पैसे भरलेला सभासद. त्याची बायको आणि मुलं फुकट. पाहुण्यांचं काय, हे कुणीच लिहून ठेवलेलं नसतं. एका लीजवर ओपनिंगच्या पहाटे मी पाहिलंय. सभासद अंधारात डोक्याला लाल दिवा लावून आपल्या ब्लाइंडपाशी गेला, शिडी चढला, दारावर हात ठेवला, तर आतून आवाज, "इथे माणूस आहे!" कोण, तर दुसऱ्या एका सभासदाचा मेहुणा, ह्यूस्टनहून आलेला. त्याच्या मांडीवर भरलेली रायफल. दिवसभर कॅम्पवर त्यावरून जी धुसफुस चालली, तिच्यात शिकार राहिली बाजूला. दुपारी मोजले तेव्हा आठाचे सतरा झाले होते. समाईक विहिरीसारखं आहे हे. पाणी किती यापेक्षा पाळी कोणाची यावरून डोकी फुटतात.

म्हणून कॅम्पवर गेलो की मी हरणांची चौकशी नंतर करतो, आधी बोर्ड शोधतो. नीट चालणाऱ्या लीजवर प्लायवूडच्या फळीवर रँचचा नकाशा लावलेला असतो, प्रत्येक ब्लाइंडच्या जागी खिळा असतो आणि बाहेर पडताना आपल्या नावाचा बिल्ला त्या खिळ्याला अडकवायचा असतो. कोण कुठे बसलंय ते एका नजरेत कळतं. रायफलची गोळी कुठवर जाते याचा विचार केला की त्या फळीची किंमत समजते. बोर्ड नसेल, किंवा असून बिल्ल्यांवर धूळ बसली असेल, तर मी चहाही न घेता निघतो. त्यानंतर हरण सोलायचा रॅक बघतो, धुतलेला आहे की नाही. आणि बिअरचे डबे बंदुकांच्या किती जवळ पडलेत तेही बघतो. दुपारी दोनला पिऊन संध्याकाळी रायफल घेऊन ब्लाइंडमध्ये बसणाऱ्यांबरोबर मी एका कुंपणात राहत नाही, मग बक कितीही मोठा असो.

आणखी एक प्रश्न, जो विचारायला आपली मंडळी उगीच लाजतात. जागा रिकामी का झाली? सोडून गेलेल्या माणसाचा नंबर मागा. गुडघे दुखायला लागले म्हणून सोडली असेल तर तो आनंदाने सांगेल. भांडून गेला असेल तर त्याहून आनंदाने सांगेल.

व्हिसाकडे काणाडोळा

इथे विनोद नाही. एच-वन, एच-फोर, एफ-वन अशा नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे मुदतीतलं हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. आता टेक्सासचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. सप्टेंबरमध्ये नवं काढायला विसरलात आणि रायफल कपाटात आहे, तर तुम्ही अपवादाच्या बाहेर. "जरा धर रे, मी शिडी चढतो" म्हणून मित्राने दिलेली बंदूक हातात घेणंही ताब्यातच मोजलं जाऊ शकतं. बंदुकीच्या गुन्ह्यावरून माणसाला देशाबाहेर काढता येतं. तेव्हा लीजचे पैसे भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाची एक फी भरा. मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारू नका, तिथे उत्तरं लगेच येतात आणि बहुतेक चुकीची असतात.

मे महिन्यात जाऊन जागा पसंत करणं

मे महिन्यात हिल कंट्री, म्हणजे लॅनो-मेसनकडचा टेकड्यांचा भाग, कुणालाही आवडते. जागा बघायची तर फेब्रुवारीत बघा. सीझन नुकताच संपलेला असतो, झुडपं विरळ असतात, हरणांच्या वाटा आणि बकांनी शिंगं घासून सोललेली खोडं अजून दिसतात. लॅनो, मेसनकडे हरणं भरपूर, अंगाने लहान. दक्षिण टेक्सासच्या काटेरी रानात शिंगं मोठी आणि भावही मोठे. काय हवंय ते आधी ठरवा.

शिंगांचे नियम न विचारणं

शंभराहून जास्त काउंट्यांमध्ये बकच्या शिंगांवर बंधन आहे. एक तरी शिंग फाटे न फुटलेलं हवं, नाहीतर दोन शिंगांमधलं आतलं अंतर किमान १३ इंच हवं. कान पुढे ताठ असताना त्यांच्या टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं, त्यावरून अंदाज घेतात. हा झाला सरकारी नियम. लीजचे नियम याहून कडक असतात. काही ठिकाणी लहान बक पाडला तर पाचशे डॉलर दंड, काही ठिकाणी पुढच्या वर्षी बाहेर. रँच खात्याच्या मॅनेज्ड लँड्स डियर प्रोग्रॅममध्ये असेल तर टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी, एका हरणाला एक) मालकाकडे येतात आणि सीझनही लांबतो. मग ते टॅग सभासदांत कसे वाटतात हे विचाराच, कारण लायसन्सवर टॅग आहेत म्हणजे तेवढी हरणं आपली, असं तिथे नसतं.

फक्त वर्गणीचा हिशेब

फीडरमधला मका, बॅटऱ्या, डॅलस किंवा ऑस्टिनहून दर खेपेचं पेट्रोल, हरण कापून पॅक करून देणाऱ्या दुकानाचं बिल, वर्षातून एकदा कामाचा शनिवार-रविवार. मक्याची पोती कोण कधी वाहून आणणार याची पाळी लिहिलेली नसेल तर ती नव्या सभासदाचीच असते. गुरांचा हक्क मालकाकडेच असतो, म्हणजे फीडरभोवती जाळी नसेल तर तुमचा मका गाई खातात. आणि विकून पैसे वसूल करायचा विचारही नको, शिकारीचं मटण विकणं बेकायदा आहे. काळ्या मसाल्यात उत्तम होतं ते, चरबी कमी असल्याने तेल जरा सढळ घाला. मित्रांना वाटा. मंडळाच्या जत्रेत तिकीट लावून मात्र नाही.

हंटर एज्युकेशन टाळण्याची पळवाट

२ सप्टेंबर १९७१ नंतर, किंवा त्याच दिवशी, जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार करायची तर हा सुरक्षिततेचा कोर्स लागतो. एकदाच मिळणारं डिफरल, म्हणजे कोर्स पुढे ढकलायची परवानगी, काढून लायसन्सवाल्या माणसाबरोबर जाता येतं. ते अडीअडचणीसाठी आहे. कोर्स करायचा कंटाळा असलेल्या माणसाने डिफरल घेऊन माझ्या शेजारच्या ब्लाइंडमध्ये बसू नये, एवढीच विनंती. खाजगी जमिनीवर भगवं जाकीट सक्तीचं नाही, तरी मी घालतो. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला दिसतो.

पहिल्याच वर्षी सभासद होणं

कशाला? ४८ डॉलरच्या सार्वजनिक शिकार परवान्यावर खात्याच्या ताब्यातल्या जमिनी बघता येतात. रानडुकरं तर खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर २०१९ पासून हंटिंग लायसन्सशिवायही मारता येतात. व्हिसावाल्यांनी मात्र वर काय लिहिलंय ते पुन्हा वाचावं. एक सीझन असा काढा, किंवा कुणाचा पाहुणा म्हणून जा आणि पाहुण्याची फी द्या. पहाटे चारला उठून, थंडीत तीन तास न हलता बसून, काहीच न दिसता परत येणं तुम्हाला मानवतं का ते त्यात कळेल. मला फोन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना नाही मानवत. त्यांना फोटो हवा असतो.

बाहेर कसं पडायचं हे न विचारणं

भरलेले पैसे मध्येच सोडल्यास परत मिळत नाहीत, हे जवळपास सगळीकडे. पण तुम्ही विकत घेऊन उभा केलेला ब्लाइंड आणि फीडर किती दिवसांत हलवायचा, आणि नाही हलवला तर तो कोणाचा, हे करारात असलंच पाहिजे. काही ठिकाणी तीस दिवस देतात, काही ठिकाणी कुलूप बदललं की संपलं. जमिनीत काँक्रीट घालून ब्लाइंड उभा करू नका, स्किडवर (खाली जोडलेल्या घसरपट्ट्यांवर) ठेवा म्हणजे ओढून नेता येतो. त्याला ट्रेलर लागतो, तेव्हा गटात ट्रेलर कोणाकडे आहे ते पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.