हर्बेरियमच्या नोंदींवरून आक्रमक गवताचा माग कसा काढावा

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने लेबलासह कागदावर (शीटवर) चिकटवून जपणारा संग्रह. आधी गवताची सगळी जुनी नावं जमवा. आफ्रिकेतलं गिनी गवत जुन्या शीटवर पॅनिकम मॅक्सिमम, मधल्या काळात उरोक्लोआ मॅक्सिमा आणि आता मेगाथायर्सस मॅक्सिमस म्हणून सापडतं. फक्त आजचं नाव टाकून शोधलंत तर नेमक्या सर्वांत जुन्या नोंदी निसटू शकतात.

जीबीआयएफवरून, म्हणजे जगभरच्या जीवांच्या नोंदींच्या खुल्या ऑनलाइन साठ्यावरून, नोंदी उतरवून घ्या. संकलक (नमुना गोळा करणारा), त्यानं नमुन्याला दिलेला क्रमांक आणि तारीख तिन्ही जुळत असतील तर ती एकच नोंद धरा, कारण एकाच वेळी काढलेल्या गवताचे नमुने चार हर्बेरियममध्ये वाटले जातात. तारीख १ जानेवारी दिसली की लेबल पाहा. बरेचदा फक्त वर्षच ठाऊक असतं. प्रयोगक्षेत्रात किंवा बागेत लावलेल्या गवताच्या नोंदी वेगळ्या काढा. गिनी गवत चारा म्हणून देशोदेशी मुद्दाम नेलेलं आहे. लागवडीला प्रसार म्हणणं चूक.

आता ठिकाण. सगळी गडबड इथेच होते.

लेबलावर असतं: ‘गावाच्या ईशान्येस १० किमी, रेल्वेमार्गालगत’. बहुतेक जण सांगतात, गावाचे अक्षांश-रेखांश टाका आणि पुढे चला. मीही तेच करत होतो. नकाशावर गवत गावोगावी ठिपक्यांनी बसलेलं दिसलं आणि ते वस्तीतून पसरलं असं मी लिहूनही टाकलं. ते साफ चुकीचं होतं. गवत रुळाकडेला होतं, गावात मी बसवलं होतं.

ईशान्य म्हणजे एक रेघ नव्हे. आठच दिशा धरल्या तर दोन्ही बाजूंना साडेबावीस अंशांची मोकळीक राहते. १० किमीवर ती जवळपास ४ किमीची चूक झाली. शिवाय ते १० किमी सरळ रेषेत की रस्त्यानं, गावाच्या मध्यापासून की वेशीपासून, हे कुणी लिहिलेलं नसतं. म्हणून बिंदूसोबत त्रिज्या लिहायचीच: ‘या बिंदूभोवती इतक्या मीटरच्या आत’. त्रिज्या नसलेला बिंदू मी वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. आणि पाच किमीचा प्रश्न विचारताना वीस किमी त्रिज्येची नोंद बाजूला ठेवा. ती टाकून द्यायची नाही. जिल्हा पातळीवर तीच कामाला येते.

त्रिज्या कमी करायची असेल तर संकलकाचे त्या दिवसाचे आगेमागे असलेले क्रमांक शोधा. तुमचं गवत ४१२ असेल तर ४११ आणि ४१३ काढा. मला एकदा ४१३ वर ‘पुलाखाली, ओल्या वाळूत’ असं मिळालं. त्या टापूच्या त्या काळच्या नकाशात रुळाजवळ पूल एकच होता. चार किमीचं वर्तुळ काहीशे मीटरवर आलं. तास गेला, पण नोंद खरी झाली.

लेबलाचा मूळ मजकूर जसाच्या तसा वेगळ्या रकान्यात राहू द्या. तुमचा अर्थ शेजारच्या रकान्यात लिहा.

मग दशकवार नकाशे काढा. सर्वांत जुन्या नोंदीचं वर्ष म्हणजे गवत आल्याचं वर्ष नव्हे, त्या वर्षापर्यंत ते आलेलं होतं एवढंच. रिकामी जागा दिसली तर त्या दशकात तिथून इतर गवतांचे नमुने आलेत का पाहा. तेही नसतील तर तिथे कुणी फिरकलंच नसावं; ‘गवत नव्हतं’ असं लिहू नका.

सुरुवातीच्या दोन-तीन नोंदींच्या शीटचे फोटो मागवून कणिसं स्वतः तपासा. ओळख चुकलेली आढळली तर शीटवरच्या बारकोडसह त्या हर्बेरियमला कळवा.