जुनी लष्करी रायफल अस्सल आहे का, हे कसे ओळखावे: नव्या संग्राहकासाठी

लोखंडावर मुकुटाचा ठसा, त्याखाली ‘व्ही. आर.’ (व्हिक्टोरिया राणी) ही अक्षरे आणि त्याखाली साल १९०७. विकणारा सांगतो, ही राणीच्या फौजेतली मार्टिनी-हेन्री रायफल. हातात घेतली की चांगली जड लागते, लाकूड काळवंडलेले, पितळ मळलेले. नवखा संग्राहक इथेच विरघळतो. पण राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्येच वारली. त्यानंतर सहा वर्षांनी सरकारी कारखान्यात तिच्या नावाचा ठसा कोण मारत बसले असते? अशा बंदुका खैबर खिंडीच्या मुलखात, दर्रा आदमखेलसारख्या गावांत, कानस आणि हातोडीवर घडवल्या गेल्या आहेत. कारागिरांचा हात पक्का, पण समोरची अक्षरे त्यांच्यासाठी नुसती नक्षी होती. म्हणून कधी ‘एनफील्ड’मधला इंग्रजी एन उलटा पडतो, कधी मुकुट भलताच दिसतो.

तेव्हा पहिला नियम हा की, एकच खूण बघून काही ठरवायचे नाही. ठसा, साल, माप, लाकूड, स्क्रू आणि गंज या सगळ्यांनी एकच हकिगत सांगितली पाहिजे. एखादा साक्षीदार फुटला की तिथे थांबायचे आणि का फुटला ते शोधायचे. कधी उत्तर लबाडीचे निघते, कधी अगदी प्रामाणिक असते.

आधी कायदा, मग हौस

‘अँटिक’ म्हणजे काय हे प्रत्येक देशाचा कायदा वेगळे ठरवतो. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटिक धरली जाते. ब्रिटनच्या सध्याच्या नियमांत १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची बनावट ही एक अट आहे. शिवाय काडतूस किंवा बार पेटवण्याची पद्धत कालबाह्य असावी लागते. म्हणजे दिसायला सारख्याच दोन रायफलींपैकी एक विनापरवाना चालेल आणि दुसरी घरात ठेवणे गुन्हा ठरेल, असे होऊ शकते. आपण राहतो तिथल्या परवाना कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विकणाऱ्याचे ‘याला काही लागत नाही हो’ हे वाक्य पोलिसांपुढे उपयोगी पडत नाही. परदेशातून आणायची असेल तर निर्यात आणि आयात, दोन्हीकडचे नियम आधी बघावेत.

एकच नमुना धरा

‘कुठलीही जुनी लष्करी रायफल’ असा शोध घेणारा हमखास फसतो. सगळ्याच बंदुकांची थोडीथोडी माहिती असण्यापेक्षा एका नमुन्याची नाडी कळलेली बरी. उदाहरण म्हणून १८५३ च्या पॅटर्नची एनफील्ड घेऊ. कारण ती भरपूर बनली, भरपूर फिरली आणि तिच्या नकलाही भरपूर आहेत.

ही ठासणीची रायफल. नळीचा आतला व्यास ०.५७७ इंच, नळी ३९ इंच लांब, एकूण लांबी सुमारे ५५ इंच. नळीला लाकडाशी धरून ठेवणाऱ्या तीन कड्या. हिच्याच काडतुसांवरून १८५७ चा वणवा पेटला. घोडा ज्या पोलादी पट्टीवर बसतो त्या लॉकप्लेटवर मुकुट, साल आणि ‘टॉवर’ किंवा ‘एनफील्ड’ हा शब्द असतो. या एका शब्दावर पुढचे बरेच अवलंबून आहे. ‘एनफील्ड’ म्हणजे सरकारी कारखाना. तिथे अमेरिकेहून यंत्रे आणून १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकाचा भाग दुसऱ्याला बसेल अशा रायफली बनू लागल्या. ‘टॉवर’ असलेल्या बहुतेक रायफली बर्मिंगहॅम आणि लंडनच्या ठेकेदारांच्या. त्या हाताने जुळवलेल्या, म्हणून एकीचा स्क्रू दुसरीला लागेलच असे नाही. हे भाग आपसांत मिसळू नयेत म्हणून कारागीर नळीच्या खालच्या अंगाला, स्क्रूंवर आणि आतल्या सुट्या भागांवर कानशीने बारीक रेघा पाडत. आतल्या भागांवर त्याच रेघा मिळाल्या तर त्या रायफलीचे अवयव जन्मापासून एकत्र आहेत असे समजायला हरकत नाही. ठसे खोटे पाडणारे पुष्कळ. या रेघा जुळवत बसणारा विरळा.

आणखी एक फसगत. १८५७ नंतर ब्रिटिशांनी देशी शिपायांना जवळजवळ तशीच दिसणारी, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक दिली. ती खरी आहे, जुनी आहे, लष्करी आहे. पण रायफल नाही. रायफल म्हणवायला नळीत पेच हवेत. १८५३ च्या एनफील्डमध्ये तीन रुंद, उथळ खाचा सावकाश वळत गेलेल्या असतात. तोंडाशी बारीक टॉर्च धरला की दिसतात. अमेरिकन गृहयुद्धातली १८६१ ची स्प्रिंगफील्ड धरायची असेल तर मापे बदलतात: नळी ४० इंच, व्यास ०.५८ इंच, लॉकप्लेटवर गरुड आणि ‘यू. एस.’, नळीवर ‘व्ही’, ‘पी’ आणि गरुडाचे डोके. नमुना कुठलाही घ्या, अशी मापे आणि ठसे स्वतःच्या हाताने एका वहीत उतरवा.

वही भरायची जागा म्हणजे संग्रहालय. लीड्सचे रॉयल आर्मरीज, लंडनचे नॅशनल आर्मी म्युझियम, पॅरिसचे म्युझे द लार्मे, मॅसॅच्युसेट्समधले स्प्रिंगफील्ड आर्मरी इथे निर्विवाद अस्सल नमुने आहेत आणि बऱ्याच वस्तूंची छायाचित्रे संकेतस्थळांवर मिळतात. काचेआडची का होईना, दहा अस्सल बघितल्याशिवाय एकही विकत घेऊ नये.

शोधायला शस्त्रांचे लिलाव करणारी नामांकित घरे, संग्राहकांचे मेळावे आणि मोडीत निघालेले जुने संग्रह ही तीन ठिकाणे पुरतात. लिलावाच्या यादीतली भाषा नीट वाचा. ‘एनफील्ड’ आणि ‘एनफील्डच्या धर्तीची’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बोलीवर लिलावघराचे कमिशन वेगळे चढते, तेही आधीच मोजा.

हातात आल्यावर

पहिले काम ठसे बघण्याचे नाही. बंदूक भरलेली आहे असेच धरून चाला. ठासणीच्या बंदुकीत शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ठासलेला बार तसाच पडून असल्याचे आजही आढळते आणि कोरडी राहिलेली काळी दारू इतक्या काळानंतरही पेटते. मालकाची परवानगी घ्या, घोडा खाली आहे आणि निपलवर, म्हणजे घोड्याखालच्या पोकळ खुंटीवर, बार पेटवणारी स्फोटक टोपी नाही हे बघा, नळीचे तोंड माणसांपासून लांब वळवा. मग लाकडाची गोल काठी अलगद आत सोडा, तळाला टेकली की तोंडाशी काठीवर पेन्सिलने खूण करा. काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून धरा. खूण तोंडाशी ठेवल्यावर काठीचे दुसरे टोक निपलच्या जागेपर्यंत पोचायला हवे. दोन-तीन बोटे आधीच थांबले, तर आत काहीतरी आहे. ते काढायच्या भानगडीत स्वतः पडू नका, जाणकार बंदूकमिस्त्रीला बोलवा. रायफलीला मागून उघडणारा ठोकळा, बोल्ट किंवा तरफ असेल तर ती उघडून काडतुसाचा कोठा रिकामा बघा.

आता टेप. नळीचे माप वहीशी ताडा. पुष्कळ लष्करी रायफली पुढे शिकारीसाठी कापल्या गेल्या. पुढचे लाकूड छाटले, कडी गेली, तोंडाजवळची नेम धरायची माशी मागे सरकवून पुन्हा डाखली. तीन कड्यांच्या जागी दोन दिसल्या तर ती आखूड लष्करी नमुन्याची आहे की कोणीतरी करवत चालवली आहे, ते मापच सांगते.

ठसे बघताना प्रकाश तिरका पाडा. जुना ठसा लोखंडासोबत झिजतो; त्याच्या कडा आजूबाजूच्या पृष्ठभागाइतक्याच मऊ झालेल्या असतात. भोवतालचे लोखंड खड्ड्याखड्ड्यांचे आणि अक्षरे मात्र काल पाडल्यासारखी धारदार, असे असेल तर ठसा गंजानंतर पाडला आहे. उलट नळीच्या मागच्या टोकाशी एखादा भाग किंचित खोलगट, घासल्यासारखा लागला तर तिथून काय पुसले असेल याचा विचार करा. १९६० च्या दशकापासून इटलीत जुन्या रायफलींच्या चांगल्या प्रतिकृती बनतात. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलनेही एनफील्डच्या बनवल्या. त्या विकत घेऊन नेमबाजी करणारे प्रामाणिक लोक आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण इटालियन प्रतिकृतीवर तारा, ‘पी. एन.’, चौकटीतली सालाची अक्षरे आणि बरेचदा ‘ब्लॅक पावडर ओन्ली’ असा मजकूर असतो. लबाड माणूस तेवढाच घासून काढतो आणि उरलेल्याला आम्ल लावून म्हातारे करतो.

त्या आम्लाचा गंज सगळीकडे सारखा, नारिंगी आणि उथळ असतो. खरे वय सारखे पसरत नाही. टोपीच्या क्षारांनी निपलभोवतीचे लोखंड खोल खाल्लेले असते. ठासायचा गज रोज आत-बाहेर केल्याने नळीचे तोंड एका अंगाला झिजते. शिपाई चालताना रायफल जिथे तोलून धरतो तिथे लाकूड गुळगुळीत आणि गडद होते. कड्यांच्या खाली, जिथे हात कधी लागला नाही, तिथे जुना रंग शिल्लक सापडतो. लाकूड शतकभरात आटते, म्हणून दस्त्याच्या टोकावरच्या पितळी पट्टीची, म्हणजे बट-प्लेटची, कड लाकडापेक्षा केसभर बाहेर आलेली बोटाला लागते. नवीन घडवलेल्या दस्त्यात ती चपखल असते. अर्थात, चपखल असली की खोटी असेही नाही.

न जुळणाऱ्या गोष्टींचे दोन प्रकार

नवशिक्यांचा इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लष्करी रायफल ही वापरायची वस्तू. तिची दुरुस्ती झाली, भाग बदलले, सुधारणा झाल्या. १८६६ पासून ब्रिटिशांनी असंख्य एनफील्डांची नळी मागून कापून त्यात उजवीकडे उघडणारा स्नायडरचा ठोकळा बसवला. म्हणून लॉकप्लेटवर १८६० आणि मागून काडतूस भरायची सोय, हे विसंगत दिसले तरी अगदी रास्त आहे. सोव्हिएत शस्त्रागारांनी महायुद्धानंतर मोसिन-नागांत रायफली खोलून, दुरुस्त करून पुन्हा जोडल्या. जुना आकडा खोडून नवा पाडलेला त्यांवर दिसतो. तीही अस्सलच, पण ‘मूळ जोडणीची’ म्हणून तिचा भाव सांगितला तर मान्य करू नका. जर्मन गेवेर ९८ वर लहान भागांवरही क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असतात. सगळे जुळले तर उत्तम. एकाच आकड्याचे वळण वेगळे असेल तर भिंग काढा. जपानी अरिसाकांवरचे सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे फूल शरणागतीनंतर बहुतेकांवरून घासून टाकले गेले. फूल शाबूत असलेली जास्त मागणीची, म्हणून कोणीकोणी ते नव्याने कोरतात. अमेरिकन बंदुकांवर गृहयुद्धातल्या दक्षिणेच्या फौजेचे ‘सी. एस.’ पाडणे हा तर जुनाच धंदा.

आणि काही बंदुका आपल्या प्रश्नालाच वळण देतात. २००३ साली काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातला मोठा साठा परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेऊन बाजारात आणला. त्यात ब्रिटिश बनावटीच्या होत्या, तशा नेपाळात बनलेल्याही. गहेंद्र नावाची नेपाळी रायफल बाहेरून मार्टिनीची बहीण वाटते, आतली यंत्रणा वेगळी. ती नकली आहे का? माझ्या मते मुळीच नाही. ती अस्सल नेपाळी लष्करी रायफल आहे, फक्त तिला ब्रिटिश म्हणून विकणे खोटे. विकणाऱ्याला ‘अस्सल आहे का’ असे विचारू नका, ‘अस्सल काय आहे’ असे विचारा.

त्याच दमात कागदही मागा. पणजोबांनी लढाईतून आणल्याच्या गोष्टीला, ती कितीही रंगली तरी, मोल द्यायचे नाही. जुनी पावती, लिलावाचा क्रमांक, छायाचित्र, रायफलीच्या क्रमांकासकट लिहिलेली नोंद असेल तर गोष्ट वेगळी. स्विस के ३१ ची बट-प्लेट उघडली की कधीकधी आत ती वापरणाऱ्या सैनिकाच्या नावाची चिठ्ठी सापडते. इतका भक्कम कागद इतर बंदुकांच्या वाट्याला क्वचितच येतो. पावतीवर नमुना, अंदाजे साल, बदललेले भाग आणि परत घ्यायची मुदत लिहून घ्या. हे लिहायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नये.

घरी आणल्यावर हात आवरा

मी सुरुवातीला एका लॉकप्लेटवर बारीक एमरी पेपर फिरवला. दहा मिनिटांत ती चांदीसारखी लखलखली, आणि सालातला शेवटचा आकडा तीन आहे की आठ हे कायमचे कळेनासे झाले. तपकिरी, स्थिर झालेला थर तसाच राहू द्या. बोटाला लाल भुकटी लागत असेल तरच तो चालू गंज. त्यावर पातळ तेलात भिजवलेला सुती कपडा सावकाश फिरवा, धारदार काही नको. पितळाला पॉलिश लावू नका. लाकडाला वॉर्निश तर नकोच. झाडायचा मोह कितीही झाला तरी या बंदुकीतून गोळी उडवायची नाही. घामाच्या बोटांचे ठसे लोखंडावर गंजून उमटतात, म्हणून हाताळताना सुती हातमोजे घाला. आणि तेल लावल्यावर पहिले दोन-चार दिवस ती तोंड खाली करून टेकवा, नाहीतर जादा तेल नळीवरून उलट झिरपत मागच्या बारीक मानेपाशी लाकडात मुरते आणि ते लाकूड हळूहळू मऊ पडते.