चांदीची प्रूफ नाणी: पारखताना आणि जपताना या चुका टाळा

रत्नागिरी असो वा मालवण, चांदीचं नाणं खरं की खोटं असा प्रश्न पडला की आपली पावलं आधी सोनाराकडे वळतात. दागिन्याच्या बाबतीत ते बरोबर आहे, प्रूफ नाण्याच्या (संग्राहकांसाठी खास आरशासारखं घडवलेल्या नाण्याच्या) बाबतीत घातक. सोनार सवयीने नाण्याची कड कसाच्या दगडावर घासतो आणि वर आम्लाचा थेंब सोडतो. नाणं अस्सल निघतं खरं, पण तेवढ्यात ते मोडीच्या भावाचं होऊन बसतं. बनावट नाण्यांपेक्षा अशा तपासण्यांनी आणि घरातल्या पुसापुशीने जास्त प्रूफ नाणी वाया जातात, असं माझं मत आहे.

चकाकतं ते सगळं प्रूफ नसतं

प्रूफसाठी साचा आणि कोरी चकती दोन्ही घासून आरशासारखी करतात आणि ठसा एकापेक्षा जास्त वेळा मारतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी आणि चित्र दुधी दिसतं. पॉलिश मारलेलं साधं नाणं सरसकट लखलखतं, चित्रही आणि मोकळी जागाही.

गांधी शताब्दीचं १० रुपयांचं नाणं अनेक घरांत सापडतं. त्यावर १८६९–१९४८ असं लिहिलेलं असल्यामुळे लोक ते १९४८चं समजतात. प्रत्यक्षात ते १९६९ साली निघालं: १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी. मुंबई टांकसाळीच्या त्या काळच्या प्रूफवर 'बी' हे इंग्रजी अक्षर असतं, १९९६च्या सुमारास त्याची जागा 'एम'ने घेतली. नुसता चौकट-चिन्हाचा (पत्त्यांतल्या चौकटसारखा) ठसा असेल तर ते प्रूफ नव्हे, विकणारा काहीही म्हणो. त्याच मालिकेतलं १ रुपयाचं नाणं निकेलचं आहे. ते लोहचुंबकाला चिकटतं, तरी चांदीचं म्हणून गळ्यात मारणारे भेटतात.

"चांदी अर्धीच आहे" म्हणून खोटं ठरवू नका

हा घोळ वारंवार होतो. भारताची ३५ ग्रॅम वजनाची, ४४ मिलिमीटर व्यासाची बरीच स्मारक नाणी चार धातूंची आहेत: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. नव्या संसद भवनाचं २०२३चं ७५ रुपयांचं नाणं असंच. म्हणजे आत साडेसतरा ग्रॅमच चांदी. उलट रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीचं २०२४चं ९० रुपयांचं नाणं ४० ग्रॅम शुद्ध चांदीचं आहे. म्हणून आधी नाण्याची अधिकृत माहिती पाहा, मग शंका घ्या. आणि देवीचं चित्र असलेली सोनाराकडची चकती कितीही शुद्ध असली तरी नाणं नव्हे. तिच्यावर रुपयांची किंमत नसते.

न घासता तपासायचं कसं?

टांकसाळीचं सीलबंद पाकीट असेल तर ते फोडू नका. सुटं नाणं असेल तर व्यास आणि वजन पाहा. तरीही शंका उरली तर पाण्याची परीक्षा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर डिस्टिल्ड वॉटरचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. कोरड्या वजनाला आता दिसणाऱ्या आकड्याने भागा. शुद्ध चांदीला उत्तर १०.५च्या जवळ येतं, वरच्या चार धातूंच्या मिश्रणाला साधारण ९.५, तांब्यावर मुलामा असेल तर ९च्या आसपास. ४० ग्रॅमचं शुद्ध नाणं पाण्यात ३.८ ग्रॅम दाखवेल. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, डाग पडतात. नंतर पुसू नका, मऊ टिपकागदाने फक्त टिपा.

तिरक्या धरलेल्या शुद्ध चांदीच्या नाण्यावरून निओडिमियमचा ताकदवान चुंबक सावकाश घसरतो, ही युक्ती बरीच प्रसिद्ध आहे. पण तांब्यावरूनही तो तसाच घसरतो, आणि अर्ध्या चांदीच्या अस्सल नाण्यावरून भरभर खाली येतो. त्यामुळे फक्त चिकटला तर संशय घ्या. क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या यंत्राचंही असंच: ते वरचा पातळ थर वाचतं, जाड मुलामा असेल तर फसतं.

खाडी, पावसाळा आणि देवघर

ओहोटीला खाडीच्या चिखलाचा जो कुजकट वास येतो, त्यातला गंधकयुक्त वायू चांदीचा वैरी. त्याने नाणं आधी पिवळसर आणि मग काळं पडतं. खारी दमट हवा त्याला हातभार लावते, आणि चार धातूंच्या नाण्यातलं तांबं हिरवं पडू शकतं. रबरबँड, लोकरी कापड, वर्तमानपत्र यांच्यात नाणं गुंडाळू नका. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांचा चिकट हिरवा थर नाण्यावर चढतो. तो मात्र काढावा लागतो: रंगाच्या किंवा रसायनांच्या दुकानातलं शुद्ध अ‍ॅसिटोन काचेच्या वाटीत घेऊन, गॅसपासून दूर, नाणं नुसतं बुडवून काढायचं, चोळायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही.

काळपटपणा आहे तसा राहू द्या. आमसूल, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट ही समईची औषधं. प्रूफच्या आरशासारख्या पृष्ठभागावर त्यांचे बारीक ओरखडे उठतात आणि ते कधीच जात नाहीत. धनत्रयोदशीला पूजेत ठेवायचं तर कॅप्सूलसकट (नाण्याच्या पारदर्शक प्लास्टिक डबीसकट) ठेवा, हळदकुंकू वरून वाहा. पंचामृताने स्नान घालायला देवघरातला जुना रुपया आहेच. हाताळताना बोटं फक्त कडेला लावा. घामाचा ठसा कालांतराने कोरल्यासारखा उमटतो.

योग्य मापाची कडक कॅप्सूल, ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. रंग बदलणारं जेल घेतलं तर दमट झालेलं लगेच कळतं. जेल बदलायचं किंवा वाळवायचं काम मे महिन्यातच उरका, जून ते सप्टेंबर डबा शक्यतो उघडू नका. जांभ्याच्या भिंतीला टेकलेलं कपाट मात्र टाळा.

खरेदी-विक्रीतली गफलत

आखातातून येणारे नातेवाईक कॅनडाचं मेपल लीफ हे चांदीचं नाणं आणतात. त्याच्या २०१४पासूनच्या नाण्यांवर लेझरने कोरलेलं अतिसूक्ष्म चिन्ह असतं, भिंगाखाली ते तपासा. नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या परदेशी संस्थेच्या प्लास्टिक खोक्यात सीलबंद नाणं घेताना खोक्यावरचा नुसता क्रमांक जुळवून थांबू नका, संस्थेच्या संकेतस्थळावर फोटो असेल तर तोही ताडा. खोकीही बनावट निघतात.

भारतीय नाणी थेट टांकसाळ महामंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. आणि "रिझर्व्ह बँक तुमचं नाणं लाखाला घेईल, आधी कमिशन भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. बँक असा व्यवहार करत नाही, हे तिने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे.